लेकरू आलं

आमच्या फ्रिजवर एक दोनशे पानी वही असते. पुढच्या बाजूनं उघडली तर दूधवाल्याचे खाडे, इस्त्रीवाल्याचे कपडे, भिशीचे नंबर. तीच वही उलटी करून मागून उघडली की तिथे दुसराच संसार. निकालांच्या तारखा, कोर्टांची नावं, कायद्यांची कलमं, आणि सगळं पेन्सिलीनं. घरात या बाजूला ‘आईचं हायकोर्ट’ म्हणतात.

मी वकील नाही. एका पतपेढीत वीस-बावीस वर्षं खातेवह्या सांभाळतेय. कलम म्हणजे हापूसचं, एवढंच मला ठाऊक होतं. पण आपलं मूल पारलिंगी आहे, ट्रान्स आहे हे कळलं, आणि आईनं चाळिशीनंतर काय काय शिकायला घेतलं म्हणता!

तुमच्यापैकीही काही जण हे करत असणार. रात्री ओटा आवरून झाला, सगळे झोपले, की अंधारात मोबाईलवर ‘ट्रान्सजेंडर कायदा’, ‘समलिंगी विवाह निकाल’ असं काहीबाही शोधत बसायचं. एक वाजेपर्यंत वाचायचं. आणि सकाळी त्याच मुलासमोर उभं राहून विचारायचं काय, तर डब्यात भेंडी देऊ की बटाटा.

मी सुरुवात कुठून झाली ते सांगते. माझी बाजू त्यात काही चांगली दिसत नाही.

६ सप्टेंबर २०१८. गणपती आठवड्यावर आले होते. संध्याकाळी जेवणाच्या वेळी टीव्हीवर बातमी लागली: सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की दोन प्रौढ माणसांनी आपापल्या संमतीनं ठेवलेले समलिंगी संबंध हा आता गुन्हा नाही. इंग्रजांच्या १८६० च्या दंडविधानातलं कलम ३७७ तेवढ्यापुरतं मोडीत निघालं. पडद्यावर तरुण मुलं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. आमचं लेकरू तेव्हा नववीत. त्याचा घास हातात तसाच राहिलेला.

मी म्हटलं, “जा गं, कोथिंबीर संपलीये, एक जुडी घेऊन ये.” फ्रिजमध्ये अख्खी जुडी होती.

लेकरू उठलं आणि गेलं. मी चॅनल बदललं. चार वर्षांनी त्यानं मला सांगितलं, “आई, मी त्या दिवशी खाली गेलोच नव्हतो लगेच. जिन्यात बसलो होतो. मला वाटलं, तुला माझं कळलं आणि म्हणून तू मला बाहेर पाठवलंस.” मला तर काहीच कळलेलं नव्हतं हो! मला फक्त जेवताना तो विषय नको होता. आपण नकोशा बातमीवरून चॅनल बदलतो तेव्हा कुणाला दूर ढकलत असतो, हे आपल्या गावीही नसतं.

मग २०२० आलं. लेकराची दहावी झाली, भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि आपण सगळे घरात कोंडले गेलो. एकदा दूध घेऊन वर आलं आणि दारातूनच ओरडलं, “मी आलो!”

आलो. आले नव्हे.

माझं माहेर कोल्हापूरकडचं. आमच्याकडे मुली सर्रास ‘मी आलो’, ‘मी गेलो’ म्हणतात, पुण्या-मुंबईचे लोक हसतात त्याला. म्हणून मी स्वतःची समजूत घातली की हे आजोळचं वळण. चार-पाच महिने मी त्या वळणाच्या आधारानं काढले. मधून मधून, पाढे चुकल्यावर सांगावं तसं म्हणायचे, “आलो नाही, आले म्हण.” शेवटी एका दुपारी लसूण सोलताना लेकरू शांतपणे म्हणालं, “आई, ते आजोळचं नाहीये.”

मराठी या बाबतीत फार कडक. ‘मी’ म्हटलं की पुढच्याच शब्दाला तुम्हाला पोरगा की पोरगी ते सांगून टाकावं लागतं. जेवलो की जेवले, दमलो की दमले. आपल्याला त्यात काही वाटत नाही, कारण आपला शब्द आपल्या अंगाला बसलेला असतो. ज्याला तो बसत नाही त्याचं दिवसातून शंभर वेळा अंग सोलवटत असेल. मी इतके महिने त्याचं मराठी सुधारत होते!

माझी मात्र सुटका मराठीनंच केली. लेकरू आलं, पोर जेवलं, बाळ झोपलं. तिसरं लिंग आपल्या आज्यांनी कधीचं घरात ठेवलेलं आहे. (व्याकरणातलं त्याचं नाव काढू नका, ते नावच वाईट आहे.) तोंडातून ‘तो’ निघत नव्हता आणि ‘ती’ म्हटलं की पोराचा चेहरा उतरायचा. तेव्हा दीडेक वर्ष मी या ‘लेकरू’वर काढलं. तुमची जीभ अडत असेल तर तुम्हीही काढा. पण हा मुक्काम आहे, तिथे घर बांधू नये, एवढं मात्र मला मुलानंच सुनावलं.

त्या काळात मी आणखी दोन उद्योग केले. एक म्हणजे गोमेद. कुणीतरी पत्रिका बघितली, राहू-केतू निघाले आणि लेकराच्या बोटात अंगठी आली. त्यानं ती तीन महिने मुकाट्यानं घातली, माझ्यासाठी. दुसरा उद्योग वाईट. एका डॉक्टरांकडे नेलं. “सहा महिन्यांत ठीक होईल” असं त्यांनी टेबलावर पेन आपटून सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या. अकरा दिवस लेकरू नुसतं झोपून होतं. बाराव्या दिवशी मी गोळ्या बंद केल्या. त्यात शहाणपण काही नव्हतं. पोराला आंघोळीलासुद्धा उठवेना, आणि मला भीती वाटली.

आपण वाईट म्हणून हे करत नाही. आपल्याला कुणीतरी ‘ठीक होईल’ म्हणायला हवं असतं. दमलेली माणसं आपण, सोपं उत्तर विकत घेतो.

पुढे जून २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचा एक निकाल वाचनात आला आणि माझी ही वही खऱ्या अर्थानं सुरू झाली. दोन मुली घरातून निघून गेलेल्या, एकत्र राहायचं म्हणत होत्या. दोघींच्या आईवडिलांनी मुली हरवल्याची तक्रार केलेली. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी काय करावं? त्यांनी सरळ लिहिलं की हा विषय मला नीट समजलेला नाही. मग ते स्वतः समुपदेशक बाईंपुढे बसले, शिकले, आणि मग निकाल दिला. मुलींचे आईवडीलही समुपदेशनाला गेले. अशा मुलांना ‘बरं’ करण्याच्या नावाखाली होणाऱ्या उपचारांना त्या आदेशानं मनाई केली. पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानंही सगळ्या राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं की असे उपचार म्हणजे डॉक्टरांचं गैरवर्तन समजलं जाईल.

उच्च न्यायालयाचा न्यायाधीश ‘मला समजत नाही, शिकून येतो’ म्हणू शकतो, आणि मी एक साधी आई, मला मात्र पहिल्या दिवसापासून सगळं समजत होतं! हे वाक्य मी वहीत लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

वहीत मग मागचंही भरत गेले. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयानं कलम ३७७ पहिल्यांदा ढिलं केलं. ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी ते पुन्हा घट्ट केलं. म्हणजे साडेचार वर्षं जो माणूस गुन्हेगार नव्हता तो एका बुधवारी सकाळी परत गुन्हेगार झाला. हे वाचलं त्या दिवशी मी पेन ठेवून पेन्सिल घेतली.

त्या हरलेल्या खटल्यातली एक गोष्ट मला फार जवळची वाटते. दिल्लीचा निकाल टिकावा म्हणून सुप्रीम कोर्टात जे लोक आपणहून उभे राहिले त्यांत एकोणीस पालक होते. समलिंगी, पारलिंगी मुलांचे आईबाप. त्यांनी कोर्टाला सांगितलं की या कलमाचा चटका आमच्या घरालाही बसतो. आपण इथे सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर साधा अंगठा द्यायला कचरतो.

आणि लीला सेठ. हिमाचल प्रदेशच्या मुख्य न्यायाधीश झाल्या होत्या. देशातल्या कुठल्याही उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश. लेखक विक्रम सेठ त्यांचे चिरंजीव. २०१३ चा निकाल आल्यावर या बाईंनी वर्तमानपत्रात लेख लिहिला, आणि त्यात त्या कायदेपंडित म्हणून बोलल्या त्याहून जास्त आई म्हणून बोलल्या. २०१८ चा निकाल बघायला त्या राहिल्या नाहीत, २०१७ मध्येच गेल्या. गंमत बघा, मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. सज्ञान मुलीला तिच्या घरच्यांनी तिच्या जोडीदारिणीपासून तोडून ठेवलेलं. कोर्टानं मुलीला मोकळं केलं, रक्ताच्या पलीकडे माणूस आपलं कुटुंब निवडू शकतो असंही सांगितलं, आणि तिच्या आईबद्दल लिहिताना लीला सेठ यांची आठवण काढली: प्रत्येक आईला ते जमत नाही. आईची घालमेल कोर्टानं समजून घेतली. पण मुलगी सज्ञान होती. मी ते वाचताना मुलीपेक्षा त्या आईकडेच बघत होते. कुठल्या बाकावर बसली असेल, घरी परत जाताना एसटीत काय विचार करत असेल.

वहीचं सगळ्यात मळलेलं पान मात्र १५ एप्रिल २०१४ चं. आंबेडकर जयंतीच्या दुसऱ्या दिवशीचं. त्या दिवशी सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ज्याचं त्यानं ठरवायचं, आणि त्यासाठी ऑपरेशनची अट घालता येणार नाही. आपल्या ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी, स्वतः तृतीयपंथी, या खटल्यात होत्या. लोकलमध्ये टाळी ऐकली की पर्समध्ये तोंड घालणारी मी, माझ्या मुलाच्या वाट्याला जे काही आलंय ते त्या टाळी वाजवणाऱ्या लोकांनी लढून आणलंय, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं.

त्यानंतर २०१९ चा कायदा आला. १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्यात स्वतःची ओळख सांगायचा हक्क दिला, पण कागद दोन पायऱ्यांत. पहिल्या पायरीला जिल्हाधिकाऱ्यांचं ‘ट्रान्सजेंडर’ म्हणून प्रमाणपत्र. ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ असं हवं असेल तर शस्त्रक्रियेचा दाखला. म्हणजे २०१४ ला कोर्ट म्हणालं ऑपरेशन मागू नका, आणि पाच वर्षांनी कायद्यानं मागच्या दारानं मागितलंच. पारलिंगी लोक तेव्हा यावर रस्त्यावर आले होते. मला तो राग उशिरा समजला. पण त्याच कायद्यात एक गोष्ट अशीही होती की पारलिंगी माणसाला घराबाहेर जायला भाग पाडणं हा गुन्हा. घराबाहेर म्हणजे आपल्याच. आईबापांसाठीही लिहिलेलं कलम आहे ते.

हे सगळे नियम बदलत राहतात. तुम्ही अर्ज करायला निघाल तेव्हा माझ्या वहीवर जाऊ नका, त्या दिवशी काय चालू आहे ते बघून निघा.

आम्ही निघालो २०२२ मध्ये, त्याला अठरा पूर्ण झाल्यावर. अर्ज ऑनलाइन होता तरी एका कार्यालयात दोनदा जावं लागलं. टेबलापलीकडच्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, “नक्की काय आहे हे?” मी भडाभडा बोलायला लागले. निकाल, तारीख, कलम, नियम. गृहस्थ गप्प झाले, पाणी प्यायले, कागद घेतला. मला वाटलं, जिंकले!

रिक्षात मुलगा खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, “त्यांनी मला विचारलं होतं. मी उत्तर तयार करून आणलं होतं. दोन दिवस आरशापुढे म्हणत होतो.”

त्या दिवसापासून मी एक करते, जमेल तसं. फाईल मी धरते, झेरॉक्स मी काढते, रांगेत मी उभी राहते. तोंड तो उघडतो. तो अडला तर माझ्याकडे बघतो, आणि तेव्हाच मी बोलते. हे कठीण आहे हो. लहानपणी डॉक्टरांनी ‘काय होतंय बाळा’ विचारलं तरी आपणच सांगत आलोय ना, खोकला कधीपासून ते.

आता मला १७ ऑक्टोबर २०२३ बद्दल सांगायचंय. तो दिवस मी अजून नीट गिळलेला नाही.

माझी एक मैत्रीण पुण्याला असते, कॉलेजपासूनची. तिचा मुलगा गे आहे. त्याचा जोडीदार आठ वर्षं त्याच्याबरोबर राहतो. तिच्या दिवाळीच्या फराळात त्याच्या वाटणीच्या बिनखोबऱ्याच्या करंज्या वेगळ्या असतात, इतका तो घरचा. समलिंगी विवाहाचा खटला सुप्रीम कोर्टात एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाला, तेव्हा आम्ही दोघींनी रजा टाकून त्याचं थेट प्रक्षेपण बघितलं. दहा दिवस चालली सुनावणी. त्या आठवड्यांत ‘स्वीकार’ या पालकांच्या गटानं सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, चारशेहून जास्त आईबापांचं. आमची वयं झालीत, मुलांची लग्नं डोळ्यांनी बघू द्या, अशा अर्थाचं. ते वाचून मैत्रीण म्हणाली, “मी मेली रुखवताची यादीसुद्धा केलीये मनात.”

निकाल आला तो नवरात्रातल्या तिसऱ्या माळेला. पाचही न्यायमूर्ती म्हणाले, लग्न हा मूलभूत हक्क नाही. लग्नाखेरीज काही कायदेशीर नातं मानावं का, मूल दत्तक घेता यावं का, यावर तीन विरुद्ध दोन असा कौल, तोही विरुद्ध गेला. संसदेनं बघावं, सरकारनं समिती नेमावी. मैत्रिणीनं फोनवर नुसतं “बरं” म्हटलं.

आणि त्याच निकालात एक परिच्छेद होता: पारलिंगी व्यक्तीचं नातं जर स्त्री-पुरुष असं असेल तर आहे त्या कायद्यांखाली तिला लग्न करता येईल. म्हणजे माझा मुलगा, उद्या त्याला एखादी मुलगी आवडली तर तिच्याशी लग्न करू शकतो. तिचा मुलगा नाही.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? फोन कानाला, पलीकडे ती गप्प, आणि माझ्या मनात मांडव. इतकी लाज मला त्या गोमेदाचीसुद्धा वाटली नव्हती. दोन दिवसांनी मी तिला हे सांगून टाकलं. ती म्हणाली, “मला तो परिच्छेद त्याच दिवशी दिसला होता. मी वाट बघत होते तू कधी सांगतेस.”

पुढे जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. मैत्रीण आता तारखा बघत नाही. तिनं दुसरं काम काढलं, आणि ते मला माझ्या सगळ्या वहीपेक्षा मोलाचं वाटतं. तिनं आणि तिच्या यजमानांनी मृत्युपत्र केलं.

याबद्दल मी जरा जास्त बोलणार, कारण हा माझ्या टेबलावरचा विषय आहे. आपली मुलं ज्यांच्याबरोबर राहतात त्यांना कायदा जोपर्यंत परका समजतो, तोपर्यंत आपल्या मागे काय होतं? भाऊबंद येतात. ज्यांनी हयातीत कधी चहाला बोलावलं नाही तेही कुलूप घेऊन येतात. तिनं फ्लॅट मुलाच्या नावे केला आणि मुलाला म्हणाली, “आता तूही तुझं मृत्युपत्र कर.” तिशीतल्या पोराला आईनं असं सांगायचं म्हणजे घशात आवंढा येतो. पण मुलगा काही न लिहिता गेला तर त्याच्या जोडीदाराला वारस म्हणून कवडीही मिळणार नाही. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी, पुढची कटकट कमी.

बँकेचंही तसंच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी लावायला काही आडकाठी नाही. रेशनकार्डावर एकाच घरातले समजावं असंही त्याच सुमारास सांगण्यात आलं. पण आमच्या काउंटरवर मी रोज जे सांगते ते इथेही सांगते, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनीच्या हातात पैसे येतात, हक्क वारसाचाच राहतो. म्हणून नॉमिनेशन आणि मृत्युपत्र दोन्ही हवं. एवढं करायला कुठल्या घटनापीठाची वाट बघायची नाही. एक शनिवार पुरतो.

मुलाला माझी वही फारशी आवडत नाही. मध्यंतरी मी त्याला रोज रात्री काहीतरी पाठवायचे. अमक्या देशात असा कायदा झाला, तमक्या कोर्टात अशी याचिका पडली, इथे हल्ला, तिथे मोर्चा. एकदा त्याचं उत्तर आलं, “आई, माझी उद्या प्रॅक्टिकलची परीक्षा आहे.” नंतर समोर बसवून म्हणाला, “तुला काळजी वाटते ती तू मला फॉरवर्ड करतेस. माझ्याकडे माझी आहे ना.”

माझं तोंड एवढंसं झालं. पण विचार केला तर खरंच होतं. मला झोप येत नव्हती म्हणून मी त्याची उडवत होते. आता मी आधी विचारते, “एक बातमी आहे, सांगू का?” बहुतेक वेळा तो “नको” म्हणतो. कधी “चांगली आहे का?” विचारतो. त्याच्यासाठी मी चांगल्या वेगळ्या काढून ठेवायला लागलेय.

त्यातली त्याची लाडकी जळगावची. २०२१ च्या जानेवारीत भादली गावच्या ग्रामपंचायतीला एक पारलिंगी उमेदवार महिलांच्या जागेवर उभी राहायला गेली, तर अर्ज बाद केला. ती औरंगाबाद खंडपीठात गेली. कोर्टानं सांगितलं, तिनं स्वतःला स्त्री ठरवलंय, तिला स्त्री म्हणून लढू द्या. लढली आणि निवडून आली! दिल्लीचे मोठमोठे निकाल ऐकून माझी आई कंटाळायची, पण ही गोष्ट तिनं दोनदा सांगायला लावली. गावकऱ्यांनी मतं दिली म्हटल्यावर तिला ते पटलं. ‘लोक काय म्हणतील’ याचं भादलीच्या लोकांनी दिलेलं उत्तर मी नातेवाइकांत बरंच वापरलंय.

दुसरी गोष्ट डिसेंबर २०२२ ची, पोलीस भरतीची. अर्जात स्त्री आणि पुरुष एवढेच रकाने होते. मुंबई उच्च न्यायालयानं सरकारला सुनावलं, तिसरा रकाना करा, नियम करा. आमच्या ह्यांना हे फार आवडलं. त्यांनी आजवर माझी वही उघडून बघितलेली नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी मुलाला घेऊन मैदानावर गेले आणि त्याला सोळाशे मीटर पळायला लावलं. पोराला पोलिसात जायचंच नाहीये! तो परत आला तो धापा टाकत, हसत. बापाला जे बोलायचं होतं ते त्यांनी बहुधा तिथे स्टॉपवॉचवर बोलून टाकलं.

त्याच्या शरीराचं पुढे काय करायचं, करायचं की नाही, हे मी इथे लिहिणार नाही. नातेवाईक पहिला प्रश्न तोच विचारतात. ‘मग ऑपरेशन?’ आपण कुणाच्या नव्या सुनेला असं विचारतो का? मी आता सरळ म्हणते, “त्यालाच विचारा,” आणि कुणाची हिंमत होत नाही.

वही चालूच आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात शाळांनी काढून टाकलेल्या एका पारलिंगी शिक्षिकेला सुप्रीम कोर्टानं भरपाई दिली, ते लिहिलं. मुंबई उच्च न्यायालयात एका समलिंगी जोडप्यानं करासाठी दाद मागितली आहे, नवरा-बायकोनं एकमेकांना दिलेल्या भेटीवर कर नाही, मग आमच्यावर का? ते लिहिलं, त्यापुढची ओळ रिकामी ठेवली. ही पानं मी कुणासाठी लिहिते, त्याच्यासाठी की माझ्यासाठी, हे मी हल्ली स्वतःला विचारत नाही. काही बायका जप करतात, मी हे करते.

आज सकाळचीच गोष्ट. बहिणीचा फोन आला, “भाचा कुठाय?” ती कधीच चुकत नाही, मला तिचा हेवा वाटतो. मी घाईत, कणकेचे हात, डबा व्हायचा होता. म्हटलं, “अगं, अजून झोपलीये ती.”

सहा वर्षं झाली या सगळ्याला. तरी.

आतल्या खोलीतून आवाज आला, पाढे चुकल्यावर मी देत असे अगदी त्याच सुरात: “झोपलीये नाही आई, झोपलाय म्हण. आणि झोपलेला नाही, जागा आहे. चहा टाक.”